स्नायूंतील शिल्लक मोजणारा माणूस : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव



घरातील आजोबा-आजींच्या रक्ततपासणीचा कागद कधीतरी आपल्या हाती आला असेल. त्यावर साखर, युरिया यांच्या खाली एक नाव असते, क्रिएटिनिन. डॉक्टर त्या आकड्यावरून मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगतात. काही कागदांवर फॉस्फरसचाही आकडा असतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असले तरी त्यांचा आपसांत काही संबंध असेल असे आपल्या मनात येत नाही. तो संबंध आपल्या स्नायूंत आहे. तो ज्यांनी शोधून काढला त्या दोघांपैकी एक जण आपल्या शेजारचे होते. आपल्या हैदराबादेहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी जे भीमावरम येते, तेथले. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आणि नांदेडवरून खाली येणारी आपली गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या सुपीक भातशेतीच्या मुलुखात भीमावरम हे गाव आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बाराव यांचा जन्म झाला. तेव्हा हा भाग मद्रास इलाख्यात मोडत असे. वडील जगन्नाथम यांची सरकारी नोकरी प्रकृतीमुळे लवकर सुटली. घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. मुलांना शिकवायचेच असा आई वेंकम्मा यांचा हट्ट मात्र सुटला नाही.

आज ज्यांचे नाव आपण आदराने घेतो ते सुब्बाराव शाळेत हुशार विद्यार्थी म्हणून गाजले असतील असे कोणाला वाटेल. तसे काही नव्हते. तेरा वर्षांचे असताना ते घरातून पळाले. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकावीत आणि पैसे मिळवावेत असा बेत होता. वाटेतच त्यांना गाठून आईने परत आणले आणि राजमहेंद्रीच्या शाळेत बसवले. मॅट्रिकची परीक्षा ते नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. अखेर मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून तिसऱ्या खेपेस पास झाले. दहावीच्या निकालानंतर ज्या घरांत दोन दिवस चूल पेटत नाही, त्या घरांतील आईवडिलांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी आमची विनंती आहे.

कॉलेजात असताना त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता. संन्यास घ्यावा असे त्यांच्या मनात होते. तेथील ज्येष्ठांनी त्यांना वैद्यकाकडे वळवले, म्हणून ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. लग्न १९१९ साली शेषगिरी यांच्याशी झाले आणि पुढील शिक्षणाचा बराचसा भार सासऱ्यांनी उचलला. ते असहकाराचे दिवस होते. सुब्बारावांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालायचा पोशाख खादीचा शिवून घेतला. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना रुचली नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही त्यांना पूर्ण एम.बी.बी.एस. पदवी मिळाली नाही, त्याखालची एल.एम.एस. मिळाली. सरकारी वैद्यकीय नोकरीचा मार्ग बंद झाला. मग मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. स्प्रू नावाच्या आजारात अन्नातील सत्त्व अंगी लागत नाही, जुलाब होतात, रक्त कमी होते आणि माणूस झिजत जातो. या आजाराने त्यांचे भाऊ गेले. स्वतः सुब्बारावही या आजारातून गेले आणि बरे झाले. अन्नातील कोणती गोष्ट शरीरात जाऊन काय करते, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला राहिला नव्हता.

१९२० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते बोटीने अमेरिकेला गेले. बॉस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. भारतीय पदवीवर तेथे डॉक्टरकी करता येत नव्हती. पोट भरण्यासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीचे हमालाचे काम धरले. रुग्णांची भांडी धुणे, उचलठेव करणे असे ते काम होते. दिवसा मात्र ते हार्वर्डच्या जीवरसायन विभागात असत. विभागाचे प्रमुख ओटो फोलिन होते. रक्तातील व लघवीतील क्रिएटिनिन रंगावरून मोजण्याची रीत ज्यांनी १९०४ मध्ये घालून दिली ते हेच फोलिन. सुब्बारावांना प्रत्यक्ष कामासाठी सायरस फिस्के या प्राध्यापकांच्या हाताखाली देण्यात आले.

फिस्के यांना रक्तातील फॉस्फरस बिनचूक मोजण्याची पद्धत हवी होती. त्या दोघांनी ती १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. फॉस्फेट असलेल्या द्रावणात मॉलिब्डेट घातले आणि मग विशिष्ट रसायन मिसळले की निळा रंग येतो. फॉस्फेट जितके जास्त तितका निळा गडद. माहीत असलेल्या प्रमाणाच्या निळ्या रंगाशी ताडून पाहिले की उत्तर मिळते. ही फिस्के-सुब्बाराव पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली आणि कित्येक दशके वापरली. जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना ती आजही शिकावी लागते.

रक्ताच्या बाबतीत पद्धत चोख चालली. मग दोघांनी प्राण्यांच्या स्नायूंचा अर्क घेऊन त्यातील फॉस्फेट मोजायला सुरुवात केली आणि तेथे गोष्ट अडली. निळा रंग लगेच पुरता चढेना. तो थोडा येई आणि मग हळूहळू वाढतच राही. पाच मिनिटांनी पाहावे तर एक आकडा, आणखी थोड्या वेळाने पाहावे तर दुसरा. प्रयोगशाळेत असे झाले की आपण काय म्हणतो? रसायन जुने असेल, भांडे नीट धुतले नसेल, आणखी थोडे थांबून शेवटचा आकडा लिहून टाकू. त्यांच्या आधीच्या संशोधकांच्या पद्धती वेळखाऊ होत्या आणि त्यांत तीव्र आम्ल वापरले जाई. त्यामुळे त्यांना हा फरक दिसलाच नव्हता आणि सगळे फॉस्फेट त्यांनी साध्या, सुट्या फॉस्फेटच्या खात्यात मांडले होते.

फिस्के आणि सुब्बाराव यांनी तो सरकणारा आकडा सोडला नाही. त्यांच्या ध्यानात आले की स्नायूतील पुष्कळसे फॉस्फेट सुटे नाहीच. ते कशाला तरी सैल बांधलेले आहे, आणि चाचणीतील आम्लामुळे ती गाठ हळूहळू सुटते म्हणून रंग हळूहळू चढतो. कशाला बांधलेले, तर क्रिएटिनला. एका क्रिएटिनला एक फॉस्फेट. या जोडीला फॉस्फोक्रिएटिन हे नाव मिळाले. स्नायूला काम करायला लावले की ही जोडी फुटते, विश्रांती दिली की पुन्हा जमते, हेही त्यांनी दाखवले. ही बातमी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन पतिपत्नींनाही स्वतंत्रपणे हाच पदार्थ सापडला होता.

या शोधाने नेमके काय हलले ते समजून घेऊ. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याला शक्ती कोठून मिळते याचे त्या काळचे उत्तर लॅक्टिक आम्ल हे होते. साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनते आणि त्यामुळे स्नायू आखडतो, असे मानले जाई. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ या दिग्गजांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यामुळे त्या विचाराला मोठे वजन होते. पुढे १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी एका विषाने लॅक्टिक आम्ल तयार होणेच बंद पाडले. तरीही स्नायू आकुंचन पावत राहिला आणि फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंतच पावत राहिला. जुने उत्तर मागे पडले. हिल यांनी स्वतःच ही स्नायूशास्त्रातील क्रांती असल्याचे मोकळेपणाने मान्य केले, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९२९ मध्ये फिस्के-सुब्बारावांनी स्नायूतून आणखी एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा काढल्याचे जाहीर केले. तो ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे आपण पुस्तकात वाचतो तो एटीपी. जर्मनीतील कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे शोधला. १९३४ मध्ये लोमान यांनी या दोन्ही पदार्थांचे नाते उलगडले. स्नायूचे यंत्र चालते ते एटीपीवर, आणि एटीपी खर्च झाला की फॉस्फोक्रिएटिन आपले फॉस्फेट देऊन तो पुन्हा भरून काढते.

घरच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर एटीपी म्हणजे खिशातली सुटी नाणी. खर्च नेहमी त्यातूनच होतो, पण ती थोडीच असतात. पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत खिसा रिकामा होईल. फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवलेले पैसे. ते खिशातल्यापेक्षा तीन-चार पट असतात आणि हात घातला की लगेच मिळतात. साखर आणि चरबी म्हणजे बँकेतली ठेव. ती पुष्कळ असते, पण काढायला वेळ लागतो. शंभर मीटरची शर्यत किंवा पाठीवर खो मिळताच झेप घेणारा खेळाडू हे डब्यातल्या पैशांवर चालतात. आठ-दहा सेकंदांत डबा बराच रिकामा होतो. थांबून श्वास घेतला की अर्ध्या मिनिटात तो जवळपास निम्मा आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरतो. खेळाचे सर दोन धावांच्या मध्ये विश्रांती देतात, त्याचे कारण हेच.

आता हा डबा भरतो कशाने? क्रिएटिन आपले शरीर स्वतः बनवते, आणि तेही तीन अमिनो आम्लांपासून. ग्लायसीन आणि आर्जिनिन यांची जोडणी मुख्यतः मूत्रपिंडात होते. यकृतात मेथिओनिनकडून आलेला एक लहानसा भाग तिला जोडला जातो आणि क्रिएटिन तयार होते. मग ते रक्तातून स्नायूंकडे जाते. ग्लायसीन शरीर स्वतः तयार करते. आर्जिनिन शेंगदाण्यात भरपूर असते. मेथिओनिन डाळींत कमी असते, पण तांदूळ, ज्वारी आणि तीळ यांतून ते मिळते. वरण-भात किंवा तीळ लावलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हा आपल्या आजीचा बेत या दृष्टीने पाहिला तर चांगलाच ठरतो. मांस-मासळी खाणाऱ्यांना तयार क्रिएटिनही मिळते. फॉस्फरस हे खनिज दूध, डाळी आणि धान्ये यांत असते.

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातले ९५ टक्के स्नायूंत. त्यातले सुमारे २ ग्रॅम दररोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. आजोबांच्या कागदावरचा तो आकडा म्हणजे स्नायूंच्या डब्यातून रोज झिजणाऱ्या नाण्यांचा हिशेब. मूत्रपिंड थकले की हा कचरा रक्तात साठतो आणि आकडा वाढतो.

स्नायूला फॉस्फरसखेरीज इतर खनिजेही लागतात. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचतो तो सोडियम आणि पोटॅशियम यांच्या आतबाहेर होण्याने. निरोप आला की स्नायूच्या पेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि आकुंचन सुरू होते. ते परत आत ओढले गेले की स्नायू सैल पडतो. एटीपी बहुतेक वेळा मॅग्नेशियमला धरूनच काम करतो. यातले एकही कमी पडून चालत नाही.

सुब्बारावांना १९३० मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. स्नायूंच्या शास्त्रात उलथापालथ करणाऱ्या या संशोधकाला हार्वर्डने कायमची प्राध्यापकी मात्र दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या देखरेखीखाली १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले. ज्या स्प्रूने त्यांच्या भावांना नेले, त्या आजारात या औषधाचा रुग्णांना उपयोग झाला. हत्तीरोगावरील डायइथिलकार्बमाझिन हे औषध १९४७ मध्ये आले. ज्या जिल्ह्यांत हत्तीरोग आहे तेथे सरकार घरोघर ज्या गोळ्या वाटते, त्यांत ते असते. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी जे पहिले परिणामकारक औषध वापरले, ते याच प्रयोगशाळेतून आले होते. बेंजामिन डुगर यांचे ऑरिओमायसिन हे प्रतिजैविकही येथलेच.

या सगळ्याची किंमतही मोठी होती, ती लपवू नये. थोड्या वर्षांसाठी म्हणून गेलेले सुब्बाराव भारतात कधीच परतले नाहीत. पत्नी शेषगिरी यांची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीपासून ते दूर राहिले, त्यामुळे आपल्या देशातही त्यांचे नाव फारसे पोहोचले नाही. १९९५ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. ज्या आईने केळी विकायला निघालेल्या मुलाला परत आणले आणि ज्या पत्नीने उरलेले आयुष्य वाट पाहण्यात काढले, त्यांची चित्रे कोणत्याही तिकिटावर नाहीत. आम्हांला ती आठवण येथे करून द्यावीशी वाटते.

हे सारे आज सांगण्याचे आणखी एक कारण आहे. अलीकडे नववी-दहावीची मुले व्यायामशाळेत जातात आणि क्रिएटिनच्या डब्याची मागणी घरी करतात. डब्यावरचे चित्र पाहून त्यांना वाटते की ताकद त्या पावडरीत आहे. आपल्याला कोणाला उगाच घाबरवायचे नाही. प्रौढ खेळाडूंवर या पदार्थाचे पुष्कळ अभ्यास झालेले आहेत, आणि थोड्या वेळाच्या जोरकस व्यायामात त्याचा काही उपयोग होतो असे दिसले आहे. वाढत्या वयाच्या मुलांवर मात्र फार थोडे अभ्यास झाले आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डबा घरी आणू नये. तो घेत असताना रक्त तपासले तर क्रिएटिनिनचा आकडाही वाढलेला येऊ शकतो, हे डॉक्टरांना सांगावे लागते. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, नेमाने व्यायाम आणि दोन धावांच्या मध्ये विश्रांती यांनी आपल्या शरीरातील तो दुसरा डबा रोज आपोआप भरत असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आले नाही की आपण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि बरोबर आकडा लिहून मोकळे होतो. सुब्बारावांच्या नळीतला निळा रंग वेळेवर चढला नाही, तेव्हा ते थांबले आणि तो का चढत नाही हे विचारत बसले. मॅट्रिकला दोनदा नापास झालेल्या माणसाला एवढा धीर होता. पुढच्या वेळी तुमच्या प्रयोगाचा आकडा जमला नाही, तर तो खोडू नका. तो तसाच लिहा, शेजारी वेळ लिहा, आणि आम्हांला येऊन दाखवा.